म्हणी देशोदेशीच्या आणि आपल्या घरच्या



म्हणी आपण परीक्षेत गुण मिळावेत म्हणून पाठ करतो आणि परीक्षा झाली की विसरून जातो. पण मोठमोठे विद्वान जन्मभर म्हणींचा अभ्यास करतात, हे यंदा गुरुजींनी आम्हाला सांगितले. देशोदेशीच्या म्हणी शेजारी शेजारी ठेवून ते काय शोधतात, आणि त्यात आपल्या खेड्यातल्या लेकरांचे काय काम, ते मी या लेखात सांगणार आहे.

म्हण आणि वाक्प्रचार

'म्हणणे' या क्रियापदावरून 'म्हण' हा शब्द आला. चार लोक जे पुन्हा पुन्हा म्हणतात ती म्हण. म्हण एकटीच पूर्ण बोलणे असते. उदा. 'थेंबे थेंबे तळे साचे.' वाक्प्रचार मात्र वाक्यात घालून वापरावा लागतो. उदा. 'तोंडाला पाणी सुटणे.' दोघांतही एक गंमत असते. शब्द एक सांगतात आणि अर्थ दुसराच असतो. म्हणून शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केले तर हसू येते. आपल्याकडे पाऊस 'मुसळधार' पडतो, म्हणजे मुसळाएवढ्या जाड धारांनी. इंग्रजीत तोच पाऊस 'मांजरं-कुत्री' होऊन पडतो!

अर्थ एक, चित्रे अनेक

आपण म्हणतो, 'नाचता येईना, अंगण वाकडे.' आता शेजारच्या भाषा पहा.

हिंदी : नाच न जाने आँगन टेढ़ा. (अंगण तेच!)
कन्नड : कुणियलारदवळु नेल डोंकु अंदळु. (नाचता न येणारी म्हणाली, जमीन वाकडी.)
तेलुगू : आडलेक मद्देल ओडु. (नाचता येईना, मृदंग फुटका.)
इंग्रजी : वाईट कारागीर आपल्या हत्यारांशी भांडतो.

कोणी अंगणाला दोष देतो, कोणी मृदंगाला, कोणी हत्याराला. स्वतःला मात्र कोणीच देत नाही!

दुसरे उदाहरण घेऊ. 'गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता' ही म्हण सर्वांना माहीत आहे. हिंदीत म्हशीपुढे बीन वाजवतात. चीनमध्ये बैलापुढे तंतुवाद्य वाजवतात. जपानमध्ये घोड्याच्या कानात बुद्धाचे नाव जपतात. जनावर बदलले, पण शिकवणाऱ्याची फजिती सगळीकडे सारखीच झाली. आपल्याकडेच एक म्हण आहे, 'कुठेही जा, पळसाला पाने तीनच.' ती म्हणींनाही लागू पडते.

यमकाची करामत

म्हण तोंडात बसते ती बहुतेक वेळा यमकामुळे. 'काखेत कळसा, गावाला वळसा' यात कळसा आणि वळसा जुळतात. हिंदीत हीच गोष्ट 'बगल में छोरा, शहर में ढिंढोरा' अशी सांगतात. तिथे कळशाचे पोर झाले, कारण 'ढिंढोरा'ला 'छोरा' जुळतो! 'इकडे आड, तिकडे विहीर' ही म्हण तेलुगूत 'मुंदु नुय्यि, वेनुक गोय्यि' अशी आहे. म्हणजे पुढे विहीर, मागे खड्डा. तिलाही कसा ठेका आहे, ते मोठ्याने म्हणून पहा.

म्हणी प्रवास कशा करतात?

सारख्या म्हणी दूरदूर कशा सापडतात? अभ्यासक याची मुख्य कारणे अशी सांगतात. पहिले, माणसाचा स्वभाव आणि अनुभव सारखा असतो, म्हणून एकमेकांना न भेटताही लोकांना सारखेच सुचते. दुसरे, धर्मग्रंथ आणि जुन्या गोष्टींतून म्हणी पसरतात. तिसरे, शेजारी, बाजार आणि राज्यकारभार यांतून त्या एका भाषेतून दुसरीत जातात.

तिसरे कारण आपल्याला जवळचे आहे. आपला परभणी जिल्हा १९४८ सालापर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारे लोक एकत्र राहत. कारभार उर्दूत चाले. आपली गोदावरी गंगाखेडवरून नांदेडकडे जाते आणि पुढे तेलंगणात शिरते, तशाच म्हणीही इकडून तिकडे गेल्या असतील. 'हाजीर तो वजीर' ही म्हण आपण मराठी समजूनच वापरतो, पण त्यातले दोन्ही शब्द उर्दूतही आहेत. आपल्या जिल्ह्यावरची 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण तर सरळ हिंदी-दखनी वळणाची आहे. काही जमले तर जमले, नाही तर परभणी आहेच! आणि 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे तर लहान पोरही सांगते.

अभ्यास कोणी केला?

१८९९ साली मॅनवेअरिंग नावाच्या इंग्रज पाद्र्याने मराठी म्हणी जमवल्या. इंग्रजी भाषांतरासह त्यांचे पुस्तक ऑक्सफर्ड येथे छापले गेले. पुढे य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' तयार केला. त्याचा पहिला भाग १९४२ साली आणि दुसरा १९४७ साली निघाला. विश्वनाथ दिनकर नरवणे यांनी 'भारतीय कहावत संग्रह' या ग्रंथात आपल्या देशातल्या अनेक भाषांच्या म्हणी एकत्र आणल्या. फिनलंड देशात माट्टी कूसी या विद्वानाने जगभरच्या म्हणींची अर्थाप्रमाणे वर्गवारी केली, आणि पुढे त्यांच्या मुलीने ते काम चालवले. बापाचे काम लेकीने पुढे नेले, हे मला फार आवडले.

'झोपा' म्हणजे काय?

आता माझ्या लेखातली मुख्य गोष्ट. 'बैल गेला अन् झोपा केला' ही म्हण आपल्या अभ्यासात आहे. मी वर्गात सर्वांना विचारले, झोपा म्हणजे काय? बहुतेकांनी सांगितले, "झोपणे! बैल चोरीला गेला आणि मालक झोपला." मग मी घरी आजीला विचारले. आजी म्हणाली, "झोपायचं न्हवं रं लेकरा. झोपा म्हंजी गोठ्याचं दार. तुराट्याचं, नाही तर काट्याकुट्याचं करीत होतो आमी."

म्हणजे म्हणीचा अर्थ असा झाला, की बैल गेल्यावर गोठ्याला दार केले. वेळ निघून गेल्यावर केलेला शहाणपणा! आता गोठ्याला पत्रा आणि लोखंडी फाटक आले. काही घरी बैल जाऊन ट्रॅक्टर आला. तुराट्याचे दार गेले, त्याबरोबर त्याचे नावही गेले, आणि म्हण मुकी झाली. आपण ती पाठ म्हणतो, पण आपल्या डोळ्यांपुढे चित्र येत नाही.

हेच चित्र जगात कुठे कुठे आहे पहा. इंग्रज म्हणतात, घोडा पळाल्यावर तबेल्याला कुलूप लावले. कोरियात म्हणतात, बैल गमावल्यावर गोठा दुरुस्त केला. ही तर जवळजवळ आपलीच म्हण! चीनमध्येही मेंढी गेल्यावर वाडा दुरुस्त करतात, पण तिथे अर्थ उलटा आहे. ते म्हणतात, एक मेंढी गेली तरी आता वाडा नीट करा, अजून उशीर झालेला नाही. बाकीच्या तरी राहतील. चित्र एकच, पण एक म्हण टोमणा मारते आणि दुसरी धीर देते. म्हणून नुसते शब्द जमवून भागत नाही. म्हण कोण, कुणाला आणि कधी म्हणतो, तेही लिहावे लागते.

'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' या म्हणीचेही असेच होणार आहे. नळाचे आणि बोअरचे पाणी पिणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी पोहरा पाहिला आहे?

म्हण नेहमी खरी असते का?

नाही. 'पाचामुखी परमेश्वर' म्हणजे चार लोक म्हणतील ते मानावे. आणि 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' म्हणजे शेवटी आपल्या मनाचे करावे. दोन्ही म्हणी आपल्याच, पण एकमेकींच्या विरुद्ध. म्हणजे म्हण हा कायदा नाही, ते प्रसंग पाहून बोलणे आहे.

काही जुन्या म्हणींत जातीवरून, बाईमाणसावरून किंवा अपंगांवरून टोचून बोललेले असते. त्या कोशात राहतील, कारण पूर्वी लोक कसे बोलत ते त्यावरून कळते. पण "म्हणच आहे ना," असे सांगून कोणाला त्या ऐकवू नयेत. माझ्या मते, ज्या म्हणीने आपल्याच बाकावरचा सोबती खाली मान घालतो, ती पाठ असली तरी तोंडात आणू नये.

आपण काय करायचे?

वर सांगितलेल्या विद्वानांनी म्हणी जमवल्या. ते काम आपल्यालाही करता येईल. एका वहीत पाच रकाने आखा : म्हण, कोणी सांगितली, तिच्यातला जुना शब्द, अर्थ, आणि ती केव्हा वापरतात. दररोज एक म्हण लिहिली तरी वर्षाला तीनशे पासष्ट होतील. थेंबे थेंबे तळे साचे!

आपल्या वर्गात काहींच्या घरी गोरमाटी बोलतात, काहींच्या घरी उर्दू, काहींच्या घरी तेलुगू. त्यांनी आपल्या घरच्या म्हणी त्याच भाषेत लिहून आणाव्यात आणि सर्वांना अर्थ सांगावा. त्यांच्या घरची भाषा आपल्या सर्वांचा अभ्यास आहे. त्यात लाजायचे काही नाही.

पालकांना माझी हात जोडून विनंती आहे. हा फलक वाचून झाल्यावर खाली टांगलेल्या कोऱ्या कागदावर आपल्याला येणारी एक तरी म्हण लिहून जा. लिहिता येत नसेल तर आम्हाला सांगा, आम्ही लिहून घेऊ. आणि घरी आजी-आजोबा असतील तर 'झोपा', 'पोहरा', 'मुसळ' हे शब्द त्यांना आजच विचारा.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी