दासोपंतांची पदे आणि त्यांच्या चाली

इयत्ता चौथीच्या इतिहासात संतांचे पाठ येतात. त्या वेळी संत हा केवळ उपदेशक नव्हे, तर पदे रचणारा आणि ती गाण्यासाठी रचणारा होता, ही गोष्ट बहुधा सांगावयाची राहून जाते. नांदेड व लातूर भागांतील शाळांना यासाठी दूरचे उदाहरण शोधण्याचे कारण नाही. दासोपंतांचे नाव माहूरशी जोडलेले आहे आणि त्यांची कर्मभूमी अंबाजोगाई ही लातूरच्या शेजारचीच आहे.

दासोपंतांचा जन्म 1551 मध्ये नारायणपेठ येथील देशपांडे घराण्यात झाला. वडिलांकडून सरकारी वसुलाचा भरणा न झाल्यामुळे त्यांना लहानपणी बिदरास ओलीस राहावे लागले व एका पाडेवाराच्या रूपाने दत्ताने पैसे भरून त्यांना सोडविले, असे चरित्रकार सांगतात. ही कथा मुलांना कथा म्हणूनच सांगावी. पुढे त्यांनी घर सोडून मातापूर, म्हणजे आजचे माहूर, येथे दीर्घकाळ उपासना केली. गोदाकाठच्या राक्षसभुवनाहून ते अखेर अंबाजोगाईस येऊन स्थिरावले व 1615 च्या सुमारास तेथेच समाधिस्त झाले. गीतेवरील ‘गीतार्णव’ हा त्यांचा प्रचंड ग्रंथ. ‘पदार्णवा’त सव्वा लक्ष पदे होती, अशी परंपरा आहे. आकडा अतिशयोक्त धरला, तरी रचनेचा ओघ किती मोठा असावा हे त्यावरून कळते.

‘पासोडी’ मात्र वर्गात अवश्य दाखविण्यासारखी आहे. खादीच्या पटावर त्यांनी पंचीकरणाचा विषय ओव्यांत व आकृत्यांत मांडला. हा पट सुमारे 24 हात लांब व अडीच हात रुंद आहे. मुलांनी अंगणात आपापल्या हाताने 24 हात मोजून रेघ ओढावी. दीड फुटाचा हात धरल्यास ही लांबी 36 फूट होते. प्रत्येक मुलाची रेघ निराळी येते, आणि जुन्या मापांचा पाठ तेथेच सुरू होतो.

दासोपंतांचा समकालीन एक इटालियन संगीतकार होता, क्लाउदिओ मोंतेवेर्दी (1567–1643). मांतुआ येथे 1607 मध्ये त्याचे ‘ऑर्फेओ’ हे संगीतनाटक झाले व 1609 मध्ये त्याची स्वरलिपी छापली गेली. म्हणून ते आजही गाता येते. त्याच मोंतेवेर्दीच्या 1608 च्या ‘आरियाना’ नाटकाची स्वरलिपी मात्र टिकली नाही. त्यातील एक विलापगीत तेवढे शिल्लक आहे. छापखाना असलेल्या देशातही संगीत असे हरवते.

आपल्याकडे पदांच्या जुन्या बाडांत माथ्यावर रागाचे नाव लिहीत. स्वर लिहीत नसत. चाल गुरूने शिष्यास मुखाने द्यावयाची. शब्द कागदावर राहिले. चाल गाणाऱ्याच्या गळ्यात राहिली, आणि गळा थांबला की तीही थांबली. भजनात आज सर्वत्र दिसणारी पेटी त्या काळी नव्हती. ती एकोणिसाव्या शतकात युरोपातून आली. तेव्हा पेटीवर बसविलेली चाल हीच दासोपंतांची चाल, असे वर्गात सांगू नये.

पाठानंतर मुलांना एक काम द्यावे. आजी, आजोबा, गावचे भजनी यांपैकी कोणास जुने पद येते याची चौकशी करावी. शब्द लिहून घ्यावेत, ते केव्हा म्हणतात (काकड्यास, पाळण्यास, की दत्तजयंतीस) व कोणाकडून शिकले हेही नोंदवावे. पद कोणाचे हे ठाऊक नसेल, तर तेथे कोणत्याही संताचे नाव घालू नये. जागा मोकळी ठेवावी. म्हणणाऱ्याचा उच्चार आहे तसाच राहू द्यावा, पाठ्यपुस्तकाप्रमाणे सुधारू नये. शक्य असल्यास त्या वृद्धास शनिवारी शाळेत बोलवावे आणि मुलांनी मागोमाग म्हणावे. एकच पद पुरे. पण ते सर्वांना चालीसह म्हणता येईपर्यंत दुसरे घेऊ नये.