आचार्य आणि आचारी

चि. मुक्ता हिस,


सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेचं मराठी भाषांतर तुझ्याकडे आल्याचं ताईने सांगितलं. ‘मामा, कोणता एडिटर घेऊ?’ असं तू विचारतेस. आधी फाइल मागव, मग हत्यार निवड.

पहिल्या अशा कामात मी सगळा मजकूर वर्ड प्रोसेसरमध्ये ओतला. त्याने कमांडमधली सरळ अवतरणचिन्हं परस्पर वळणदार करून टाकली. पानं देखणी दिसली, पण कमांड चालेनात. एकेक चिन्ह शोधून सरळ करताना डोळे दुखले.

प्रोग्रामच्या पडद्यावरचा मजकूर अनेकदा पीओ फाइलमध्ये येतो: वर इंग्रजी ओळ, खाली मराठीची जागा. त्यासाठी पोएडिट घे. ओळींत टक्क्याच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या खुणा असतात. प्रोग्राम चालताना तिथे नाव किंवा आकडा येतो, म्हणून एकही खूण गाळू नकोस.

लांबलचक पुस्तिकेसाठी ओमेगाटी बरा. तो फुकट आहे. मजकुराचे वाक्यागणिक तुकडे पाडतो आणि तू केलेलं प्रत्येक भाषांतर लक्षात ठेवतो. तेच वाक्य चाळीस पानांनी पुन्हा आलं की तुझंच जुनं भाषांतर समोर धरतो. ही स्मृती टीएमएक्स फाइलमध्ये राहते, त्यामुळे उद्या दुसरं सॉफ्टवेअर घेतलंस तरी कमाई बुडत नाही.

साधा टेक्स्ट एडिटरही जवळ ठेव, पण त्याची परीक्षा घेऊन. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द टाइप कर. दोन्ही सारखेच दिसले, तर पुस्तिकेत गुरुजी स्वयंपाकघरात जातील! टर्मिनलमधल्या एडिटरांत जोडाक्षरं अनेकदा विस्कटतात, तेही तपास. शिवाय ‘आचाऱ्यांना’मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण एका तऱ्हेने शोधलेला शब्द दुसऱ्या तऱ्हेने लिहिला असेल तर सापडेलच असं नाही. पहिल्या दिवशीच एक तऱ्हा ठरव आणि शेवटपर्यंत तीच पाळ. फाइल यूटीएफ-८ मध्येच जतन कर. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांच्या वाटेला जाऊ नकोस.

महागडं काही विकत घेण्याआधी दोन पानांचं भाषांतर करून ग्राहकाकडे पाठव. त्याच्याकडे ती फाइल नीट उघडली, कमांड चालल्या, की मगच दर ठरव.

तुझा,
मामा