आठवड्याचा आहार-आराखडा आणि घरातील शेवटचे ताट

नियोजन हा शब्द उच्चारला की धरणे, रस्ते, वीजनिर्मिती आणि पंचवार्षिक योजना डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु उपलब्ध साधनसामग्री, गरज आणि वेळ यांचा मेळ घालणे हाच जर नियोजनाचा अर्थ असेल, तर ते दररोज किमान दोनदा जेथे करावे लागते, ते ठिकाण म्हणजे आपले स्वयंपाकघर होय. ‘आज काय करायचे?’ हा प्रश्न पुण्यासारख्या शहरातील घराघरांत रोज सकाळी उभा राहतो आणि त्याचे उत्तर बहुधा एकाच व्यक्तीने द्यावे, अशी अपेक्षा असते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या वेळ-वापर पाहणीनुसार देशात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या वेळी त्यासाठी दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे देत होत्या. घरकामात भाग घेणारे पुरुष ९७ मिनिटे देत होते. यात चुलीपुढच्या वेळेची मोजदाद होते. काय शिजवावे, घरात काय संपले आहे आणि कोणाला काय चालत नाही, याचा दिवसभर मनात चाललेला हिशेब मात्र कोणत्याही पाहणीत सहजासहजी येत नाही.

हा हिशेब आठवड्यातून एकदा कागदावर उतरवावा आणि तो साऱ्या कुटुंबाचा व्हावा, एवढीच या लेखातील सूचना आहे. त्यातून वेळ व पैसा वाचतो हे खरेच; परंतु या आराखड्याची खरी कसोटी निराळी आहे. घरात सर्वांत शेवटी वाढल्या जाणाऱ्या ताटात काय पडते, यावर तो चांगला की वाईट हे ठरवावयास हवे.

वारांची जुनी शिस्त

आठवडा हे आहाराचे माप म्हणून आपल्याला नवे नाही. सोमवार, गुरुवार किंवा शनिवारचा उपवास, रविवारचे सामिष जेवण, गावाच्या बाजाराच्या दिवशी येणारी ताजी भाजी, अशा वारांच्या खुणांवर मराठी घरातील स्वयंपाक पूर्वापार चालत आला आहे. पुण्यात तर वारांनी विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचीही सोय केली. बाहेरगावाहून आलेले गरीब विद्यार्थी ‘वार लावून’ जेवत असत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, अशी सात घरे ठरलेली असत. माधुकरीच्या प्रथेबरोबरच या प्रथेच्या आधाराने अनेकांचे शिक्षण पुरे झाले. विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही मदत होती. यजमान घराच्या दृष्टीने ते एक काटेकोर नियोजनही होते. कोणत्या वारी एक पान अधिक मांडावयाचे, हे त्या घराला आधीच ठाऊक असे.

पुढे विद्यार्थी व एकट्या राहणाऱ्या नोकरदारांसाठी निघालेल्या खानावळींनीही तीच शिस्त उचलली. ठरलेल्या वारी ठरलेली भाजी, रविवारी दुपारी गोडाचे जेवण व संध्याकाळी सुट्टी, आणि न जेवलेल्या दिवसांचे खाडे ही व्यवस्था पुणेकरांच्या चांगल्या परिचयाची आहे. शेकडो पाने रोज वाढणाऱ्या खानावळीला जे साधते, ते चार माणसांच्या घराला अवघड वाटू नये. स्वयंपाकातील अंदाज लेखी मापात बसविता येतात, हे कमलाबाई ओगले यांनी १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘रुचिरा’त वाट्या-चमच्यांच्या प्रमाणांनी दाखवून दिलेच आहे. पदार्थाला लावलेले हे माप आता आठवड्याला लावावयाचे आहे.

आठवड्याला किती लागते?

आराखडा आखण्यापूर्वी गरज माहीत असावी लागते. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहार-मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. दिवसाला सुमारे २,००० किलोकॅलरी लागणाऱ्या प्रौढ व्यक्तीसाठी सुचविलेल्या तिच्यातील प्रमाणांवरून चार माणसांच्या घराची आठवड्याची स्थूल गरज काढता येते. सोयीसाठी चौघांचीही गरज सारखी धरली आहे. लहान मुलांना यापेक्षा कमी आणि अंगमेहनत करणाऱ्यांना अधिक लागेल, हे लक्षात घेऊन आकडे कमी-अधिक करावेत.

धान्ये व भरडधान्ये : माणशी रोज २५० ग्रॅम, चौघांना आठवड्यास ७ किलो.
डाळी व कडधान्ये (किंवा त्यांच्या काही भागाऐवजी अंडी, मासे, मांस) : माणशी ८५ ग्रॅम, आठवड्यास सुमारे २ किलो ४०० ग्रॅम.
पालेभाज्यांसह सर्व भाज्या : माणशी ४०० ग्रॅम, आठवड्यास सुमारे ११ किलो.
फळे : माणशी १०० ग्रॅम; आठवड्यास २ किलो ८०० ग्रॅम.
दूध व दही : माणशी ३०० मिलिलिटर, आठवड्यास सुमारे साडेआठ लिटर.
शेंगदाणे, तीळ यांसारख्या तेलबिया व सुकामेवा : माणशी ३५ ग्रॅम, आठवड्यास सुमारे एक किलो.
तेल-तूप : माणशी २७ ग्रॅम; आठवड्यास सुमारे पाऊण किलो.

वाचकांनी आपल्या घरातील गेल्या महिन्याची वाण्याची यादी काढून या आकड्यांशी ताडून पाहावी. अनेक घरांत असे आढळेल की, धान्य व तेल प्रमाणापेक्षा अधिक आणि डाळ, भाजी व फळे कमी आहेत. तसे असेल तर आराखड्यात कोणती बाजू वाढवावयाची व कोणती आवरावयाची, हे वेगळे सांगावे लागणार नाही. मिठाचे प्रमाण माणशी रोज ५ ग्रॅम, म्हणजे एका लहान चमच्याच्या आत ठेवावे.

आराखडा कसा आखावा?

या कामास शनिवारी रात्री किंवा रविवारी सकाळी अर्धा तास पुरतो. कुटुंबातील सर्वांनी त्या वेळी एकत्र बसावे. पाठकोरा कागद, पेन्सिल व दिनदर्शिका एवढे साहित्य पुरेसे आहे.

पहिली पायरी घरातील शिल्लक पाहण्याची. डबे, फडताळ आणि शीतकपाट उघडून जे आधी संपवावयास हवे, त्याची नोंद करावी. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतीय घरांतून माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जात असल्याचा अंदाज दिला आहे. त्यातील बरेचसे अन्न केवळ विसरल्यामुळे फुकट जाते.

दुसरी पायरी ठरलेल्या गोष्टी लिहिण्याची. कोणाचा उपवास कधी, कोणाची रात्रपाळी, मुलांची परीक्षा, पाहुणे, बाहेरचे जेवण या गोष्टी प्रथम कागदावर याव्यात. ज्या संध्याकाळी घरी पोहोचण्यास उशीर होणार, त्या संध्याकाळी खिचडी किंवा वरणफळे असा एका भांड्यातील पदार्थ ठेवावा.

तिसरी पायरी डाळी-कडधान्यांची. आपल्याकडे प्रथम भाजी ठरते व मग तिच्या जोडीला काहीतरी केले जाते. हा क्रम उलटा करावा. धान्यात लायसिन हा प्रथिनांचा घटक कमी असतो आणि डाळींत मेथिओनिन कमी असते. दोन्ही एकत्र आले की परस्परांची उणीव भरून निघते. म्हणून दोन्ही वेळच्या जेवणात डाळ, उसळ, पिठले किंवा दूध-दही यांपैकी काही ना काही आहे, याची प्रथम खात्री करावी आणि नंतर भाजी लिहावी.

चौथी पायरी भाज्यांच्या क्रमाची. खरेदीनंतर पहिल्या दोन दिवसांत पालेभाज्या, मग वांगी, दोडका, फ्लॉवर, आणि शेवटी कोबी, दुधी, तांबडा भोपळा, सुरण असा टिकाऊपणाप्रमाणे क्रम लावावा. सर्व भाजी एकदम आणण्यापेक्षा एक मोठी आणि एक लहान अशा दोन खरेद्या ठेवाव्यात. १८८६ साली रे मार्केट म्हणून सुरू झालेल्या आजच्या महात्मा फुले मंडईपासून उपनगरांत ठरलेल्या वारी भरणाऱ्या शेतकरी बाजारांपर्यंत पुण्यात सोयींची वाण नाही. बाजारात एखादी भाजी मुबलक व स्वस्त दिसल्यास यादीतील भाजी बदलण्याची मुभा खरेदी करणाऱ्यास असावी.

पाचवी पायरी पूर्वतयारीची. मंगळवारी दुपारची मटकीची उसळ रविवारी संध्याकाळी सुरू होते : रविवारी भिजत घालणे, सोमवारी सकाळी निथळून फडक्यात बांधणे आणि मंगळवारी मोड पाहणे. ही कामे कोण करणार, त्याचे नाव त्या पदार्थापुढे लिहावे. नावे एकाच व्यक्तीची येऊ लागली, तर आराखडा पुन्हा आखावा.

थंडीतील एका आठवड्याचा नमुना

सोमवार : बाजरीची भाकरी, मूगडाळ घातलेली मेथीची भाजी, मुळ्याची कोशिंबीर, रात्री मुगाची खिचडी व कढी.
मंगळवार : पोळी, मटकीची उसळ, टोमॅटोची कोशिंबीर, रात्री ज्वारीची भाकरी, दाण्याचे कूट घातलेली वांगी, दही.
बुधवार : पोळी, फ्लॉवर-मटारची भाजी, वरण-भात व लिंबू, रात्री भाकरी, पिठले, कांदा, चालत असल्यास अंडी.
गुरुवार : पोळी, चणाडाळ घातलेली कोबीची भाजी, ताक, रात्री वरणफळे व गाजराची कोशिंबीर. संध्याकाळी लहान खरेदी.
शुक्रवार : भाकरी, पालकाची पातळ भाजी, शेंगदाण्याची चटणी, रात्री पोळी व हरभऱ्याची उसळ.
शनिवार : उपवास असल्यास वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, दही, पेरू; रात्री वरण-भात व तांबड्या भोपळ्याची भाजी.
रविवार : मासे किंवा मटण, अथवा वालाची उसळ, रात्र मोकळी.

रविवारची रात्र मुद्दाम मोकळी ठेवली आहे. आठवड्यात राहून गेलेले काही तेव्हा करता येते, उरलेले संपविता येते किंवा भाजणीच्या थालीपिठावर भागविता येते. जो आराखडा एवढीही सैल जागा ठेवत नाही, तो दुसऱ्याच आठवड्यात मोडतो. उपवासाला साबुदाण्याऐवजी वरी, राजगिरा व दाणे सुचविण्याचे कारण असे की, साबुदाणा हा जवळजवळ केवळ पिष्टमय पदार्थ आहे.

शेवटचे ताट

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. जंतांचे औषध, लोहाच्या गोळ्या आणि वैद्यकीय तपासणी यांची जागा आहार घेऊ शकत नाही. तथापि रोजचे ताट हे त्यातील महत्त्वाचे कारण आहे आणि त्यावर घराचे नियंत्रण असते.

बहुतेक घरांत वाढणारी व्यक्ती शेवटी जेवते. तोवर उसळीतील कडधान्य संपून रस्सा उरलेला असतो, दह्याच्या भांड्यात पाणी असते आणि सकाळची पोळी ‘टाकायची कशी’ म्हणून तिच्याच वाट्याला येते. हे कोणी ठरवून करीत नाही. मोजमाप नसल्यामुळे ते घडते. आराखड्यात पदार्थांबरोबर पाने लिहिली, म्हणजे चार माणसांसाठी चार वाट्या उसळ असे प्रमाण धरले, आणि सर्वांनी एकत्र बसून जेवण्याची किमान एक वेळ ठरविली, तर ही उणीव पुष्कळ अंशी दूर होते. शिळे संपविण्याची पाळीही वाटून घ्यावी. बाजरी व पालेभाजीबरोबर लिंबू, पेरू किंवा आवळा घेतल्यास त्यातील क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. जेवणालगत घेतलेला चहा या कामी अडथळा आणतो. तेव्हा लिंबाची फोड सर्वांच्या पानात असावी आणि चहा जेवणानंतर किमान तासाभराने व्हावा.

शाळा आणि ग्रामपंचायत काय करू शकतात?

शालेय पोषण आहारात इयत्ता पहिली ते पाचवीच्या मुलासाठी रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी असे प्रमाण ठरलेले आहे आणि त्यातून ४५० किलोकॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, अशी अपेक्षा आहे. शिक्षकांनी हेच आकडे फळ्यावर घेऊन आपल्या वर्गाला आठवड्यास किती डाळ लागेल, हे गणित मुलांकडून सोडवून घ्यावे आणि नंतर मुलांनी आपल्या घराचा तक्ता करावा. तक्त्यात ‘हे कोण करणार’ असा एक रकाना अवश्य ठेवावा. २०१८ पासून सप्टेंबरमध्ये साजरा होणारा राष्ट्रीय पोषण माह या उपक्रमास सोयीचा आहे.

ग्रामीण भागात आठवड्याची सुरुवात बाजाराच्या दिवसापासून धरावी. बाजाराला चार दिवस उलटल्यावर घरात हिरवी भाजी उरत नाही. ती उणीव अंगणवाडी, शाळा व घरामागील परसबागेतील शेवगा, चवळई, अळू यांनी भरून काढता येते. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत आणि महिला बचत गटांच्या बैठकीत असा एक नमुना तक्ता गावातील पिकांप्रमाणे तयार करवून घेतल्यास तो बाहेरून आलेल्या कोणत्याही तक्त्यापेक्षा अधिक उपयोगी ठरेल.

पहिला आराखडा हुबेहूब पार पडणार नाही. दोन पदार्थ बदलतील, एखादी भाजी आणावयाची राहून जाईल. आठवड्याच्या अखेरीस तोच कागद समोर घेऊन जे झाले त्यावर खूण करावी, जे राहिले ते पुढील आठवड्यात घ्यावे, आणि एक प्रश्न मात्र न चुकता विचारावा : या सात दिवसांत शेवटी जेवणाऱ्या व्यक्तीच्या पानात उसळ, भाजी आणि दही किती वेळा पूर्ण पडले? तो आकडा कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा. पुढच्या आठवड्याचे नियोजन त्या आकड्यापासून सुरू करावे.