स्वयंपाकघरांतील सांडशी आणि शस्त्रवैद्याची पेटी

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या वर्गांतील एका मुलाच्या टांचेंत बाभळीचा कांटा मोडला. मुलगा दौंड तालुक्यांतील भीमाकांठच्या एका वाडीचा, शिक्षणासाठीं शिरूर येथें राहणारा. मधल्या सुटींत तो लंगडत आमच्याकडे आला, तेव्हां आम्हीं भिंतीवरील नकाशाची टांचणी काढली, रुमालानें पुसली आणि कांटा उकरण्यास आरंभ केला. कांटा निघाला नाहीं. टोंक मात्र अधिक खोल गेलें. शनिवारीं मुलगा घरीं गेला. तेथें त्याच्या चुलत्यानें नखें काढण्याच्या नराणीनें तेंच काम पुढें चालविलें. मंगळवारीं पाऊल घोट्यापर्यंत सुजलें, ताप चढला, आणि त्याच्या आईनें सारी रात्र बसून काढली. बुधवारीं दौंड येथील एका शस्त्रवैद्यांनीं गळूं फोडून कांट्याचा तुकडा बाहेर काढला. आम्ही समाचारास गेलों तेव्हां ते म्हणाले, "आणखी दोन-तीन दिवस गेले असते तर पाय वांचविणें कठीण होतें. मास्तर, आपली ती टांचणी मला एकदां पाहावयाची आहे." ते हंसले; आम्हांस हंसतां आलें नाहीं.

त्या गृहस्थांनीं नंतर आपलें तबक पुढें ओढून त्यांतील हत्यारें आम्हांस समजावून दिलीं. तोंवर आमची समजूत अशी होती कीं, चाकू, कात्री व चिमटा एवढीं असलीं कीं शस्त्रवैद्याचें काम चालतें. ती समजूत किती अपुरी होती हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडीलधाऱ्यांस कळावें म्हणून हा लेख लिहीत आहों.

प्रथम नांवें पाहूं, कारण तीं आपल्या ओळखीचीं आहेत. सुश्रुतसंहितेंत शस्त्रवैद्याच्या साधनांचे दोन वर्ग केले आहेत. जीं धरतात, ओढतात, उघडतात किंवा आंत शिरून शोध घेतात तीं यंत्रें. जीं कापतात किंवा टोंचतात तीं शस्त्रें. यंत्रें १०१ व शस्त्रें २०. यंत्रांचे पुन्हां सहा प्रकार: स्वस्तिक २४, संदंश २, ताल २, नाडी २०, शलाका २८ आणि उपयंत्रें २५, बेरीज मुलांनीं करून पाहावी. आतां संदंश म्हणजे कोण? चुलीवरचें पातेलें उतरवितांना आई जी हातीं घेते ती सांडशी त्याच शब्दापासून झाली आहे. नाडी म्हणजे नळी, शलाका म्हणजे सळई. शस्त्रांमध्यें करपत्र आहे, ती सुताराची करवत. आरा आहे, ती चांभाराची आरी. सूची ती सुई. कुठारिका ती लहानशी कुऱ्हाड. आणि बडिश म्हणजे घोडनदीवर मासे धरणाऱ्यांच्या गळासारखा आंकडा. शस्त्रवैद्याची पेटी अशा रीतीनें घरांतून, सुताराच्या पडवींतून व नदीकांठावरून गोळा झालेली आहे. आमचा व त्या चुलत्याचा घोटाळा येथेंच झाला. रूप सारखें म्हणून काम सारखें, असें आम्हीं दोघांनींही धरून चाललें.

स्वस्तिक यंत्रांचीं तोंडें पशुपक्ष्यांच्या तोंडांसारखीं घडवीत व त्यांवरून त्यांस नांवें देत. हाडांत रुतलेलें शल्य काढण्यास तीं वापरीत. त्या सर्वांत कंकमुख श्रेष्ठ मानलें आहे. कंक हा बगळ्याच्या जातीचा लांब चोंचीचा पक्षी. त्याच्या चोंचीसारखें हें यंत्र सहज आंत जातें, वस्तु घट्ट धरतें आणि सहज बाहेर येतें. भीमेच्या उथळ पाण्यांत बगळ्यास मासा टिपतांना ज्यानें पाहिलें आहे त्यास अधिक सांगणें नको. आजच्या शस्त्रवैद्यांनींही हा प्रघात सोडलेला नाहीं. त्यांच्या तबकांत 'मॉस्किटो' म्हणजे डांस या नांवाचा बारीक चिमटा आहे, कानांत शिरलेला खडा काढण्यास 'अॅलिगेटर' म्हणजे मगरीच्या जबड्याचा चिमटा आहे, आणि रक्तवाहिनी हलकेच दाबून ठेवणारा 'बुलडॉग'ही आहे.

धारेविषयीं सुश्रुताचा काटेकोरपणा वाचून आम्ही थक्क झालों. फोडण्याच्या शस्त्राची धार मसुरेएवढी, खरवडण्याच्या शस्त्राची तिच्या निम्मी, वेधण्याच्या शस्त्राची केंसाएवढी व छेदण्याच्या शस्त्राची अर्ध्या केंसाएवढी असावी. ती उडदाच्या रंगाच्या गुळगुळीत दगडावर लावावी आणि सांवरीच्या लांकडाच्या फळीवर जपावी. आणि हें सर्व सांगून तो म्हणतो कीं, सर्व यंत्रांत मुख्य यंत्र हात होय. त्या हाताला वळण लावण्यासाठीं शिष्यांनीं छेदण्याचा सराव भोपळा, कलिंगड व काकडीवर करावा, शिरा वेधण्याचा मेलेल्या जनावराच्या शिरांवर व कमळाच्या देंठांवर, ओढून काढण्याचा फणसाच्या व बेलाच्या गरांत, शिवण्याचा कापडावर व मऊ कातड्यावर. आम्हीं सराव केला तो थेट एका मुलाच्या टांचेवर.

या विद्येचा एक प्रसिद्ध दाखला आमच्या पुण्याच्याच परिसरांतील आहे. इ. स. १७९२ च्या युद्धांत इंग्रजी फौजेबरोबर कावसजी नांवाचा एक गाडीवान होता. तो टिपू सुलतानाच्या लोकांच्या हातीं सांपडला व त्यांनीं त्याचें नाक व एक हात कापला. सुमारें वर्षभर तो बिननाकाचा राहिला. पुढें पुण्याजवळच्या एका वीट करणाऱ्यांच्या जातीच्या माणसानें त्यास नवें नाक करून दिलें. टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या इंग्रज वैद्यांनीं ही क्रिया पाहिली, आणि लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत तिची हकीकत चित्रासह छापली गेली. त्या कारागिरानें प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागीं बसवून माप घेतलें, तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेविला, भोंवतीं रेघ काढली आणि तेवढी त्वचा सोडवून खालीं वळविली. दोन डोळ्यांच्या मध्यें मात्र एक चिंचोळी पट्टी तशीच राहूं दिली, म्हणजे रक्ताचा पुरवठा तुटत नाहीं. जोडावर काताच्या लेपाच्या पट्ट्या ठेविल्या, आणि ती उरलेली पट्टी सुमारें पंचविसाव्या दिवशीं कापली. लंडनमध्यें जोसेफ कार्प्यू यांनीं हीच रीत १८१४ मध्यें अवलंबिली व १८१६ मध्यें त्यावर ग्रंथ लिहिला. आमच्या मतें या हकीकतींतील खरें यंत्र तो मेणाचा पत्रा होय. कापण्यापूर्वीं मापणें, हें ज्यास सुचलें तो कारागीर मोठा.

आतां आमच्या मुलाच्या टांचेकडे वळूं. शस्त्रवैद्यांनीं प्रथम सुईनें औषध घालून पाऊल बधिर केलें. मग ११ अंकाचें टोंकदार पातें घेतलें. मोठा छेद घेण्यास पोटाशीं गोल असलेलें १० अंकाचें व नाजूक कामास १५ अंकाचें लहान पातें असतें. पण गळवांत नेमकें शिरावयाचें तर ११ अंकाचेंच हवें. एवढा छेद झाल्यावर पातें खालीं ठेवलें. येथें अनाडी माणूस पातेंच आणखी खोल घालील व शीर तोडील. त्यांनीं उचलला 'सायनस फोर्सेप्स', लांब, सडपातळ व बोथट टोंकाचा चिमटा. तो मिटून आंत घालावयाचा आणि आंत गेल्यावर उघडावयाचा. त्यामुळें मांस न कापतां बाजूस सरतें व पुवास वाट मिळते. त्यास मुठीशीं अडकण्याचे दांते नसतात, हें मुद्दाम. उलट रक्तवाहिनी धरावयाच्या 'आर्टरी फोर्सेप्स'ला ते दांते अवश्य असतात, कारण एकदां धरलेली शीर हात सोडला तरी सुटतां कामा नये. तसाच दिसणारा सुई धरण्याचा चिमटा जवळ ठेवून पाहिला तर त्याचें तोंड आखूड व त्यावरच्या रेघा एकमेकींस छेदणाऱ्या आढळतात. सुई त्यांत फिरत नाहीं. कातडी धरण्याच्या साध्या चिमट्यास टोंकाशीं उंदरासारखे दांत असतात, आंतड्यास धरण्याच्या चिमट्यास ते नसतात. अदलाबदल केली तर आंतडें फाटतें.

मग आमच्या टांचणीचा दोष केवळ आकाराचा होता काय? नव्हे. १८६५ मध्यें ग्लासगो येथें जेम्स ग्रीनलीज नांवाच्या ११ वर्षांच्या मुलाच्या पायावरून गाडीचें चाक गेलें व हाड कातडी फाडून बाहेर आलें. त्या काळीं अशा जखमेंत पाय कापीत, आणि पुष्कळदां रोगी तरीही दगावे. जोसेफ लिस्टर यांनीं जखम कार्बोलिक अॅसिडनें झांकली. सुमारें सहा आठवड्यांत मुलगा बरा झाला. जखमेंत शिरणारे जंतु आधींच मारावयाचे, हा विचार तेथून शस्त्रगृहांत रुजला. आज हत्यारें १२१ अंश उष्णतेच्या दाबाखालच्या वाफेंत निदान १५ मिनिटें ठेवितात. घरचा प्रेशर कुकर याच तत्त्वावर चालतो. नुसत्या उकळीवर भागत नाहीं, कारण धनुर्वाताच्या जंतूंचीं बीजें उकळत्या पाण्यांतही तग धरूं शकतात. हीं बीजें शेणांत, मातींत, गोठ्यांत असतात, म्हणजे अनवाणी पायास कांटा लागतो तेथेंच. रुमालानें पुसलेली टांचणी हा सारा ऐवज बरोबर खोल घेऊन गेली. मुलास धनुर्वाताची सुई त्याच दिवशीं दिली. ती आम्हींच पहिल्या दिवशीं देववावयास हवी होती.

तबक मांडण्याचीही शिस्त आहे. १२ जानेवारी १९२४ रोजीं रात्रीं पुण्याच्या ससून रुग्णालयांत कर्नल मॅडॉक महात्मा गांधींच्या आंत्रपुच्छावर शस्त्रक्रिया करीत असतां विजेचा दिवा गेला, हातदिवाही विझला, आणि उरलेलें काम कंदिलाच्या उजेडांत पुरें करावें लागलें. हत्यारें ठरल्या जागीं, ठरल्या क्रमानें कां मांडावीं हें अशा वेळीं कळतें. जखम बंद करण्यापूर्वीं हत्यारें, सुया व कापसाचे बोळे मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २००८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या शस्त्रक्रियेच्या यादींतही ही मोजणी आहे. दौंडच्या त्या परिचारिकेनें आमच्यासमोर तबक आवरतांना हत्यारें दोनदां मोजलीं, आणि आम्ही कांहीं बोलूं लागलों तेव्हां हात वर करून आम्हांस थांबविलें.

मुलाच्या जखमेस टांका घातला नाहीं. पुवाची जखम वरून शिवली तर आंत पुन्हां पू कोंडतो, म्हणून ती उघडी ठेवून तळापासून भरूं द्यावयाची असते. त्याचा चुलता रोज सकाळीं मोटरसायकलवरून त्यास पट्टी बदलण्यास नेई. तीन आठवड्यांनीं मुलगा शाळेंत आला तो नव्या चपला घालून. वर्गांत येतांच त्यानें प्रथम नकाशाकडे पाहिलें, व मग आमच्याकडे.