पाण्याचें खत : पोवळें आणि शेततळें

खत जितकें अधिक तितकी वाढ अधिक, ही समजूत पाण्यांत घातक ठरते. मालवणच्या समुद्रांत, जेथें १९८७ सालीं सागरी अभयारण्य जाहीर झालें, पोवळीं आढळतात. पोवळें म्हणजे सूक्ष्म प्राण्यांची वसाहत होय. त्यांच्या देहांत राहणारें शेवाळ सूर्यप्रकाशांत अन्न तयार करून त्यांस पोसतें.

कांचेच्या हौदांत पोवळीं वाढविणारे लोक म्हणून पाणी वरचेवर तपासतात. दहा लक्ष भाग पाण्यांत नायट्रेट सुमारें २ ते १० भाग व फॉस्फेट ०.०३ ते ०.१ भाग ठेवण्याचा प्रघात आहे. हीं द्रव्यें संपलीं तर पोवळें फिकट पडतें. वाढलीं तर बाहेरचें शेवाळ माजतें व अधिक फॉस्फेटानें चुन्याचा सांगाडा नीट धरत नाहीं. अशा वेळीं खाद्य कमी करून पाणी थोडें थोडें बदलतात.

वर्धा जिल्ह्यांत ज्यांनीं शेततळ्यांत रोहू-कटला सोडले आहेत, त्यांचें भांडवल याच नियमावर तरतें. पऱ्हाटीचा युरिया पावसानें तळ्यांत उतरला कीं पाणी हिरवें दाट होतें. रात्रीं तेंच शेवाळ प्राणवायु ओढतें आणि पहांटे मासे तोंडें वर काढतात.

यास्तव आमची सूचना अशी : बांध घालून शेताचें पाणी तळ्याबाहेर वळवावें. आठवड्यांतून एकदां हात पाण्यांत घालावा. कोपर बुडण्यापूर्वींच तळहात हिरवळींत दिसेनासा झाला, तर शेण व खाद्य थांबवावें. मासे तोंडें काढूं लागल्यास ताजें पाणी सोडावें. पोवळ्याप्रमाणें मासळीसही उपास नको आणि अजीर्णही नको.