कोणी, कोणीही आणि कोणीच नाही

गोंदिया जिल्ह्यातील धानाच्या बांध्या, बोड्या आणि तलाव यांच्या आसऱ्याने सारस पक्षी राहतात. महाराष्ट्रात हा पक्षी आता मुख्यतः याच जिल्ह्यात आढळतो. उडणाऱ्या पक्ष्यांत सारस सर्वांत उंच. पूर्ण वाढलेला सारस दीड मीटरहून उंच असतो. त्याची संख्या फार थोडी उरली आहे. म्हणून तो कोठे दिसला आणि कोठे दिसला नाही, या नोंदीला मोल आहे. समजा, अशी नोंद तुम्हांला इंग्रजीत लिहावयाची आहे. अडचण मोठ्या शब्दांची येत नाही. ती येते 'कोणी', 'काही', 'कुठे' या लहान शब्दांची.

ज्या शब्दाने नेमकी व्यक्ती किंवा वस्तू कळत नाही, त्याला अनिश्चित सर्वनाम म्हणतात. इंग्रजीत ही सर्वनामे दोन तुकडे जोडून होतात. पहिला तुकडा सम, एनी, नो किंवा एव्हरी. दुसरा तुकडा माणसासाठी बडी किंवा वन, वस्तूसाठी थिंग आणि जागेसाठी व्हेअर. व्हेअर जोडला की शब्द स्थलवाचक क्रियाविशेषण होतो. आता पहिल्या तुकड्यांची कामे पाहू.

१. सम : साध्या होकारार्थी वाक्यात. 'समबडी सॉ अ क्रेन', म्हणजे कोणीतरी सारस पाहिला.

२. एनी : बहुधा प्रश्नात आणि नकारात. 'डिड एनीबडी सी अ क्रेन?', म्हणजे कोणी सारस पाहिला का? होकारार्थी वाक्यात मात्र त्याचा अर्थ 'वाटेल तो' असा होतो. 'एनीबडी कॅन काउंट देम', म्हणजे ते कोणालाही मोजता येतील.

३. एव्हरी : याचे क्रियापद एकवचनी. 'एव्हरीबडी नोज धिस बर्ड' म्हणावे, 'नो' नव्हे. 'सगळे ओळखतात' असे मनात न धरता 'प्रत्येक जण ओळखतो' असे धरा, म्हणजे चूक होणार नाही.

४. नो : याच्या पोटातच 'नाही' आहे. मराठी विद्यार्थी अडखळतो तो येथेच.

'कोणीही आले नाही' या वाक्यात 'कोणीही' आधी येते आणि 'नाही' शेवटी. शब्दास शब्द ठेवून 'एनीबडी डिड नॉट कम' असे लिहिले, तर ते चूक ठरते. इंग्रजीत नकार एनीच्या आधी यावा लागतो. कर्त्याच्या आधी नॉट ठेवता येत नाही, म्हणून तेथे नोबडी वापरतात : 'नोबडी केम'. कर्माच्या जागी दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. 'वी डिड नॉट सी एनीथिंग' आणि 'वी सॉ नथिंग' या दोहोंचा अर्थ एकच : आम्हांला काहीच दिसले नाही.

दोन्ही वाटांनी एकदम मात्र जाऊ नये. मराठीत 'काहीच' म्हटले तरी 'नाही' म्हणावेच लागते. त्या सवयीने 'वी डिड नॉट सी नथिंग' लिहिले जाते. प्रमाण इंग्रजीत येथे दोन नकार झाले. त्यांचा हिशेब केला तर 'काहीच दिसले नाही, असे नाही' असा उलटा अर्थ निघतो!

आता नोंदवहीकडे वळू. तुमच्या गटाने दहा बोड्या पाहिल्या आणि त्यांपैकी तीन बोड्यांवर सारस दिसले, असे समजा. 'सारस सगळीकडे नाहीत' हे मराठी वाक्य दोन तऱ्हांनी समजू शकते : काही ठिकाणी नाहीत, किंवा कुठेच नाहीत. इंग्रजीत याचे दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत. पहिल्यासाठी 'नॉट एव्हरीव्हेअर', दुसऱ्यासाठी 'नोव्हेअर'. आपल्या उदाहरणात पहिला खरा आणि दुसरा खोटा. 'एव्हरीव्हेअर' खोटे ठरवायला एक रिकामी बोडी पुरते. 'नोव्हेअर' खोटे ठरवायला एकच सारस पुरतो.

यापुढची पायरी विज्ञानाची आहे. सारस कधीकधी धानाच्या शेतातच घरटे करतो. अंडी बहुधा दोनच असतात. वाढलेल्या धानात बसलेला पक्षी बांधावरून दिसेलच असे नाही. म्हणून 'देअर आर नो क्रेन्स हिअर' असे लिहिण्याची घाई करू नये. 'वी डिड नॉट सी एनी क्रेन्स हिअर टुडे' असे लिहावे. पहिले वाक्य पक्ष्याविषयी निकाल देते. दुसरे आपण काय पाहिले तेवढेच सांगते. पहिल्यावर विसंबून त्या शेताकडे पुन्हा कोणी फिरकले नाही, तर तेथील घरटे राखणार कोण?

स्वाध्याय : पुढील वाक्ये इंग्रजीत करा. (अ) बोडीवर कोणीही नव्हते. (आ) कुठेतरी घरटे आहे. (इ) आम्ही कोणालाच काही सांगितले नाही.

उत्तरे : (अ) नोबडी वॉज ॲट द पाँड. (आ) देअर इज अ नेस्ट समव्हेअर. (इ) वी डिड नॉट टेल एनीबडी एनीथिंग. तिसऱ्या वाक्यात नकार एकदाच आला आणि त्यानंतरचे दोन्ही शब्द एनीचे झाले, हे ध्यानात ठेवा.