जीवशास्त्राची प्रयोगवही

हायस्कुलांत नव्यानें आलेले विद्यार्थी जीवशास्त्राविषयीं दोन समजुती मनांत बाळगून येतात. एक अशी कीं, हा निव्वळ पाठांतराचा विषय आहे. दुसरी अशी कीं, पुस्तकांतील आकृति हुबेहूब उतरवितां आली म्हणजे प्रयोग झाला. पहिली समजूत परीक्षा जवळ आली म्हणजे आपोआप ढळते. दुसरी मात्र वर्षभर टिकते, आणि तिला कित्येकदां पालकांचेंही साह्य होतें. म्हणून तिच्याविषयींच येथें लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कांद्याचा प्रयोग घ्या. कांद्याच्या जाड पाकळीच्या आंतल्या बाजूचा पातळ पापुद्रा चिमट्यानें सोलून काढावयाचा, कांचपट्टीवरील पाण्याच्या थेंबांत तो सुरकुती न पडूं देतां पसरावयाचा, त्यावर आयोडीनचा एक थेंब घालून पातळ आच्छादक कांच एका कडेनें हळूहळू टेकवावयाची, आणि मग सूक्ष्मदर्शकांतून पाहावयाचें. विटांच्या बांधकामाप्रमाणें एकमेकींस लागून असलेल्या लांबट पेशी दिसूं लागतात. आयोडीनमुळें प्रत्येकीचें केंद्रक पिंवळसर तपकिरी ठिपक्यासारखें उठून दिसतें. परंतु पुष्कळ वह्यांत या पेशींत हिरवे ठिपके काढलेले आढळतात. हे हरितलवक आले कोठून? कांद्याच्या आंतल्या पांढऱ्या पाकळीला उजेड मिळालेला नसतो. तिच्यांत हरितलवक नसतात. ते पुस्तकांतील ‘वनस्पतिपेशी’ या आकृतींतून, नाहीं तर थोरल्या भावाच्या वहींतून आलेले असतात. म्हणजे विद्यार्थ्याचा डोळा भिंगाला लागला होता, पण हात दुसऱ्याच पानावरून चालला होता.

याच्या उलट, एखादी मुलगी जाड काळ्या कडेचें वर्तुळ काढून त्यापुढें ‘हा हवेचा बुडबुडा असावा’ असें लिहून आणते. तिची कांच नीट टेकलेली नव्हती हें खरें. तथापि तिनें जें पाहिलें तेंच लिहिलें, आणि आम्ही तिला हिरवे ठिपके काढणारापेक्षां अधिक गुण देतों.

बियांच्या प्रयोगांतही हेंच आहे. मटकीचे वीस दाणे कोरड्या भांड्यांत, वीस ओल्या फडक्यांत आणि वीस पाण्यांत पूर्ण बुडवून ठेवावयाचे, व रोज ठराविक वेळीं किती दाण्यांस मोड आले तें मोजावयाचें. बुडालेल्या दाण्यांस श्वसनापुरता प्राणवायु मिळत नाहीं, म्हणून ते पुढें कुजूं लागतात. घरीं आई मटकी भिजविल्यावर पाणी निथळून फडक्यांत कां बांधून ठेवते, याचा उलगडा येथें होतो. फडक्यांतल्या वीसपैकीं सतराच दाण्यांस मोड आले तर सतराच लिहावे. तीन दाणे जून किंवा किडके असतील. तेंही पाहण्यासारखेंच आहे.

आंकडे जसेच्या तसे ठेवण्याचें उदाहरण क्रमिक पुस्तकांतच आहे, पण तें नीट वाचलें जात नाहीं. ग्रेगोर मेंडेल यांनीं ब्रुन येथें, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकांतील ब्रनो शहरीं, 1856 पासून 1863 पर्यंत वाटाण्यावर प्रयोग केले व 1866 सालीं ते प्रसिद्ध केले. 253 संकरित झाडांपासून त्यांना 7324 दाणे मिळाले. त्यांपैकीं 5474 गोल आणि 1850 सुरकुतलेले होते. आम्ही वर्गांत ‘तिनास एक’ म्हणून मोकळे होतों. परंतु प्रमाण तंतोतंत तिनास एक असतें, तर हे आंकडे 5493 व 1831 असे भरले असते. छापलेला आंकडा तसा नाहीं. (पुढें 1936 सालीं रॉनल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञानें, मेंडेलचे आंकडे एकंदरींत अपेक्षेशीं फारच जुळतात, अशी शंका काढिली, आणि तो वाद पुष्कळ वर्षें चालला. एवढ्या मोठ्या पुरुषाचे आंकडे तपासले जातात. मग आमच्या मुलांच्या वह्या तपासल्यास कोणीं रागावूं नये.)

पालकांचें म्हणणें आम्हांस ठाऊक आहे. दहावीच्या विज्ञानांत शंभरापैकीं वीस गुण प्रात्यक्षिकाचे. ते कां गमवावे? म्हणून बाजारांतून तयार प्रकल्प आणिला जातो, आणि आकृति वडील काढून देतात. अशा कांहीं आकृति फारच सुरेख असतात, हें आम्ही कबूल करितों. परंतु प्रात्यक्षिक परीक्षेंत मूल सूक्ष्मदर्शकापुढें एकटें उभें असतें. पुढें ह्याच मुलांपैकीं कोणी रुग्णालयांत रक्तांतील पेशी मोजील. तेथें भिंगाखालीं दिसलेल्या संख्येऐवजीं पुस्तकांतली संख्या मांडली, तर औषध चुकीचें दिलें जाईल व तें एखाद्या आजाऱ्याच्या पोटांत जाईल. म्हणून पालकांस विनंति कीं, वही अवश्य पाहावी, प्रश्न विचारावे, पण पेन्सिल हातीं घेऊं नये.

आतां विद्यार्थ्यांस थोडेंसें. वहीच्या पानांवर आरंभींच क्रमांक घालावे. प्रत्येक पानावर तारीख आणि पाहिलेली वस्तु यांची नोंद असावी. नेत्रभिंग दहा पट व वस्तुभिंग चाळीस पट असेल, तर आकृतीखालीं ‘400 पट’ असें लिहावें. नांवांच्या रेघा एकमेकींस छेदूं देऊं नयेत. आकृतींत रबर चालेल, आंकड्यांस मात्र लावूं नये. चुकलेल्या आंकड्यावरून एक रेघ ओढून खरा आंकडा शेजारीं लिहावा, म्हणजे पहिलाही वाचतां येईल. कांदे शाळेंत मिळतील. मटकी घरून आणावी.